भिंतीला एक सिगरेट

४ मार्च, सोमवार

ही वही व्यायामवाल्या बाईंच्या हुकमावरून. सिगरेटची तलफ आली की हाताला काम द्या, म्हणाल्या, काहीही लिहा. मी म्हटलं, बाई, दिवसभर घण मारतो, अजून किती काम देऊ हाताला? त्या म्हणाल्या, घण मारताना तुम्ही ओढत नाही, घण खाली ठेवल्यावर ओढता. बोलणं बरोबर होतं, म्हणूनच बाई पहिल्या भेटीत माझ्या डोक्यात गेल्या.

मी इमारती पाडतो. मुकादम आहे. जिथे मोठं मशीन शिरत नाही तिथे आमची टोळी शिरते, घण, पहारी आणि हातातला ब्रेकर घेऊन. सध्या एक बंद पडलेली लॉन्ड्री पाडतोय, तीन मजली, जुन्या जाड विटांची. टोळीत माझा मेव्हणाही आहे, बायकोचा धाकटा भाऊ. कुठल्याही दारातून मान खाली घातल्याशिवाय आत येत नाही, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणतात.

मागच्या महिन्यात घण डोक्यावर नेला आणि तिथेच कंबर धरली. खाली आणता येईना, वर ठेवता येईना. लांब्याने घण हातातून काढून घेतला आणि मला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सिगरेटनं स्नायूंना रक्त पोचत नाही, अंगाचं लाकूड झालंय. सिगरेट बंद आणि व्यायाम सुरू, नाहीतर वर्षभरात हातात काठी येईल.

पण डॉक्टरसाठी मी सिगरेट सोडलेली नाही. बायकोसाठी सोडली. ती आमच्या मुलीला, चिमीला, घेऊन लांब्याकडे जाऊन राहिली आहे. कारण सिगरेटच. आमचं भांडण चाललं होतं, माझ्या हातात सिगरेट होती, तिनं हात मध्ये आणला आणि मनगटाच्या वर चटका बसला. अपघात. ती म्हणते दोनदा बसला. भांडणात माणसाला एकाचे दोन वाटतात. असो. सिगरेट गेली की भांडणाचं मूळच गेलं, मग तिला यायला हरकत काय? आमच्या धंद्यात असंच करतात. भिंतीचा पाय कापला की वरचं आपोआप खाली येतं.

घर रिकामं झाल्यापासून मला जेवण जात नाही. हे कुणाला सांगणार नाही, वहीला सांगायला हरकत नाही.

७ मार्च

आज पहिली तपासणी. गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायचं आणि बोटं कुठवर जातात ते बघायचं. माझी गुडघ्याच्या वाटीवर थांबली. चिमी हे खेळता खेळता करते.

मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे म्हण आहे, मोडेन पण वाकणार नाही."

"वाकत नव्हतात म्हणूनच मोडलात," बाई म्हणाल्या आणि मला गादीवर उताणं झोपवून माझा पाय सरळ वर उचलायला लागल्या. मांडीच्या मागची शीर तुटते की काय असं झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांचं मनगट धरलं.

बाई ओरडल्या नाहीत. "सोडा," म्हणाल्या. मी सोडलं. बोटांचे वळ उठले होते. माझा हात घणाचा, दुसऱ्याच्या नाजूकपणाला मी काय करणार? त्यांनी पुढचा सगळा व्यायाम चार हात लांब उभं राहून तोंडी सांगितला, आणि जाताना शिपायाला म्हणाल्या, यापुढे यांच्या वेळेला दार उघडं ठेवत जा. बरं झालं, त्या खोलीत कोंदटच होतं.

९ मार्च, शनिवार

सिगरेटशिवाय दिवस म्हणजे काय ते ओढणाऱ्यालाच कळेल. सकाळपासून दात शिवशिवतात, हात शिवशिवतात. चहा प्यायला की चहा अर्धवट वाटतो. चमचा पडला तरी कुणीतरी मुद्दाम पाडला असं वाटतं. घरात पाडायला माणूस नाही म्हणून मी आज मोरीतली बादली लाथेनं फोडली. मग तिचे तुकडे गोळा करताना वाकावं लागलं, तेवढाच व्यायाम.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचा शिंपी ओढत उभा होता. त्याला माहीत आहे मी सोडली ते. "घेणार का एक झुरका, मुकादम?" असं हसत विचारलं. थट्टा करत होता. मी त्याच्या तोंडातली काढून भिंतीवर विझवली आणि त्याची मान धरून तोंड कठड्यावर आपटलं. एकदाच. पुढचा दात पडला. तो दात आधीपासून हलत होता, हे त्यानेच मला मागे सांगितलं होतं.

त्याची बायको वरून बघत होती. खाली आली नाही. दार लावून घेतलं.

नंतर बराच वेळ मला शांत वाटलं. तलफसुद्धा गेली. हे बाईंना सांगावं की नाही ते ठरवतोय.

११ मार्च, सोमवार

आज कामावर एक अडचण निघाली, आधी लक्षात यायला हवी होती.

जाड भिंत एकदम पाडत नाहीत. आधी तिचा पाय कापायचा, म्हणजे खालच्या विटांत एका बाजूनं खोल खाच घ्यायची. मग सगळ्यांनी मागे यायचं. भिंत तेव्हा जागची हलते, वरच्या सांध्यांतून चुना गळतो. पडायची असली तर तेवढ्यात पडते. नाही पडली आणि चुना गळायचा थांबला की ती बसली. मग एकानं आत जाऊन तिला दोर बांधायचा आणि बाहेरून ओढायची. हा जो मधला वेळ, तो आमच्याकडे सिगरेटवर मोजतात. मला ज्यानं धंदा शिकवला तो म्हणायचा, भिंतीला एक सिगरेट दे. मुकादमानं पेटवायची, शेवटपर्यंत ओढायची आणि थोटूक टाचेखाली दाबायचं. थोटूक दाबलं की दोरवाला आत. कधी चूक झाली नाही. घाई करायची म्हटलं तरी सिगरेट घाई करत नाही.

दोरवाला लांब्या. त्याचे हात वरपर्यंत पोचतात.

आज पाय कापून झाला, सगळे मागे आले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. माझं तोंड रिकामं.

लांब्या म्हणाला, "दाजी, थोटूक नाही तर आम्हाला कळायचं कसं?"

"मी चुना बघतो. थांबला की दोन्ही हात वर करीन. हात वर दिसले की जा."

"मोजणार कशावर?"

"डोळे आहेत मला," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. दोर खांद्यावर टाकला. भिंत बसली, मी हात वर केले, तो गेला, बांधून आला. काही अवघड नाही. उगाच माणसं सवयीला चिकटून बसतात.

मी त्याला विचारलं, तुझी ताई कशी आहे. बरी आहे, म्हणाला. हाताचं? बरं होतंय. चिमी? शाळेत जाते. एका प्रश्नाला एक उत्तर, वर काही नाही. मी सिगरेट सोडल्याचं घरी सांगितलंस का विचारलं. सांगितलं म्हणाला. मग काय म्हणाली? "काही नाही म्हणाली, दाजी."

१४ मार्च

बोटं नडगीच्या मध्यापर्यंत गेली. बाई म्हणाल्या, प्रगती चांगली आहे. अजून चार हात लांबूनच बोलतात.

तलफेवर नवा उपाय दिला. तलफ आली की जिथे असाल तिथे दोन्ही हात डोक्यावर न्या, बोटं गुंफा, तळवे आकाशाकडे, आणि श्वास धरून अंग वर ताणा. तलफ जाईपर्यंत श्वास मध्येच सोडायचा नाही. मी करून बघितलं. खांद्यात कडाडलं, पण उपाय नामी आहे. छाती भरते आणि हात अडकलेले राहतात. अडकलेला हात काही करू शकत नाही.

१६ मार्च, शनिवार

कामावर गंमत झाली. पाय कापून मागे उभे होतो, मला तलफ आली, मी हात वर ताणले आणि लांब्या निघाला की दोर घेऊन. मागच्यानं त्याचा शर्ट धरला म्हणून थांबला. चुना अजून गळत होता. सगळे आधी पांढरे पडले, मग हसले. मीही हसलो.

लांब्या हसला नाही. म्हणाला, "दाजी, व्यायाम करायचा तर आमच्याकडे पाठ करून करा."

बरोबर आहे त्याचं. पाठ करून करणार.

भिंत नंतर पडली ती बघण्यासारखी होती. आधी पोटात फुगली, मग गुडघ्यात गेली, आणि धुळीचा असा लोट आला की दुपार असून काही दिसेना. पडताना जो आवाज पायातून वर येतो, त्याच्यासाठी मी हा धंदा करतो. तेवढा वेळ डोक्यात काही नसतं.

१७ मार्च, रविवार

बायकोला भेटायला गेलो. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. लांब्या बाजारात गेला होता, बरं झालं, निवांत बोलता येईल म्हटलं.

तिनं दार उघडलं पण साखळी लावलेली ठेवली. फटीतून अर्धा चेहरा दिसत होता. वाळली आहे.

मी म्हटलं, "सोडली. एकही ओढलेली नाही."

"कळलं मला."

"हे बघ." आणि मी तिथे दारात वाकून दाखवलं, नडगीच्या खालपर्यंत. "मागच्या महिन्यात गुडघ्यालाही पोचत नव्हतो."

"छान," ती म्हणाली.

"मग कधी येतेस?"

ती म्हणाली, "अहो, सिगरेट नव्हती हो कारण."

मी विचारलं, मग काय होतं? ती म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का. हा प्रश्न मला मुळीच आवडत नाही. शाळेत मास्तर विचारायचे तसा. मी म्हटलं, दार उघड, मग सांग. ती म्हणाली, भाऊ आला की उघडते. म्हणजे माझ्या बायकोच्या दारात मी भावाची वाट बघत उभा राहायचं. मी खांदा लावला. साखळी नुसती दोन स्क्रूंवर होती, त्यात माझा काय दोष?

ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला बोटही लावलं नाही. हे लिहून ठेवतो, नंतर कुणी काही म्हणायला नको. फक्त टेबल उलटं झालं आणि त्यावरचं पाण्याचं भांडं फुटलं.

चिमी दिसेना. खाटेखाली होती, अगदी कोपऱ्यात, तोंडावर दोन्ही हात. मी खाली वाकून तिला म्हटलं, "चिमे, बाबा आहे." मागच्या महिन्यात मला खाटेखाली बघताच आलं नसतं. ती बाहेर आली नाही. लाजते आता, बरेच दिवस झाले ना.

१९ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत लांब्या माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या देखत. इतकी वर्षं माझ्या हाताखाली काम करतो, कधी आवाज वर केला नाही. आजही केला नाही.

"दाजी, काल साखळी बदलली. लोखंडी पट्टी लावली. परत याल तर मी पोलिसांत जाईन."

मी म्हटलं, "बायको माझी आहे."

"ताई माझी आहे. ती येणार नाही. मी आहे तोवर ती आणि पोर माझ्याकडे राहतील, तुम्ही काळजी करू नका."

"मी सिगरेट सोडली आहे."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दाजी," तो म्हणाला आणि डबा घेऊन लांब जाऊन बसला.

मागे कुणीतरी हसलं. हात असे शिवशिवले की घणाचा दांडा मी दोन्ही हातांनी आवळून धरला, आणि बाईंचा उपाय आठवून तो ठेवून हात वर ताणले. ताणून उभा राहिलो. सगळे खाली माना घालून जेवत होते. मी त्याला मारलं नाही. ही प्रगती नाही तर काय? सांगायला कुणी नाही.

संध्याकाळी घरी येऊन कपाटाचं दार फोडलं. मुठीनं. मधल्या बोटाचं हाड बाहेर आल्यासारखं दिसतंय.

तो जे म्हणाला ते डोक्यातून जात नाही. मी आहे तोवर.

२२ मार्च, शुक्रवार

मधलं बोट अजून सुजलेलं आहे, अक्षर लागणार नाही.

इस्त्रीच्या हॉलची मागची भिंत होती. पाय कापला, सगळे मागे आले. लांब्या दोर खांद्यावर टाकून दाराच्या चौकटीत उभा, नजर माझ्यावर. आमचं मंगळवारपासून बोलणं नव्हतं, पण कामाला बोलावं लागत नाही. वरच्या सांध्यातून चुना गळत होता. पिठासारखा. चुना गळतोय तोवर भिंतीजवळ जायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

तेवढ्यात तलफ आली. अशी की डोळ्यांपुढे काही राहिलं नाही. मी हात वर नेले, बोटं गुंफली, श्वास धरला. पाठ फिरवायची राहून गेली.

डोळे मिटले असतील. नाही, मिटले नव्हते. लांब्यानं आत पाऊल टाकलं ते मी बघितलं. मागच्यानं आजही त्याचा शर्ट धरायचा प्रयत्न केला, हातात आला नाही. मला ओरडता आलं नाही, श्वास धरलेला होता. मध्येच सोडायचा नाही असं बाईंनी सांगितलेलं आहे.

भिंत सरळ आली. फुगली नाही, काही नाही, एकसंध आली. तो उंच, त्यानं वर बघितलं आणि मागे उडी घेतली, अंग बाहेर पडलं, पण उजवा पाय राहिला. आवाज झाला तो विटांचा नव्हता.

धूळ बसेपर्यंत त्याचं ओरडणं ऐकू येत होतं, तो दिसत नव्हता. मग दिसला. मांडीपासून खाली विटांचा ढीग आणि ढिगातून लाल चिखल. चुन्यात रक्त मिसळलं की ते गुलाबी होतं आणि लगेच घट्ट होतं. मी पहार घातली, तिघांनी दाबली, मी हातांनी विटा उपसल्या. पाय होता, पण पायासारखा नव्हता. बूट उलट्या दिशेला होता. त्यानं माझ्या शर्टाची कॉलर धरली होती आणि सोडत नव्हता. "दाजी, हात," एवढंच म्हणत होता. "दाजी, हात." मी त्याला हात दिला. त्यानं तो झटकला.

एक गोष्ट नंतर लक्षात आली. विटा उपसताना माझे गुडघे ताठ होते आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकत होते. पूर्ण.

२३ मार्च, शनिवार

पोलीस आले होते. टोळीतल्या सगळ्यांनी सांगितलं, मुकादमानं हात वर केले. मी सांगितलं, केले, तो माझा व्यायाम आहे. बाईंना विचारायला गेले. बाईंनी सांगितलं, हो, मीच दिला होता, तलफ आली की असंच करायचं. ज्या कंत्राटदाराचं काम आहे त्यानं बाकी सगळं निस्तरलं. अपघात अशी नोंद झाली.

ज्यानं शर्ट धरायचा प्रयत्न केला तो मला म्हणाला, "मुकादम, गेल्या शनिवारी ठरलं होतं ना, पाठ करायची?" मी म्हटलं, राहून गेलं. तो म्हणाला, "हं." आज सगळे माझ्यापासून थोडे दूर बसून जेवले. त्यांना धक्का बसला आहे.

खरं खोटं करायचं तर मीही विचार केला. मला लांब्या दिसत होता का? दिसत होता. चुना दिसत होता का? दिसत होता. मग? तलफ म्हणजे काय ते ज्यानं सोडली नाही त्याला सांगून कळणार नाही. यापुढे हा विचार करायचा नाही, त्यानं ओढावंसं वाटतं.

३० मार्च

पाय मांडीतून कापला. मी दवाखान्यात गेलो होतो. बायको बाकावर बसलेली, मांडीवर चिमी झोपलेली. मी शेजारी बसलो. ती उठली नाही, सरकलीही नाही. किती दिवसांनी शेजारी बसलो. तिच्या केसांना तोच वास येत होता. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

मी म्हटलं, "मी आहे ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हो. तुम्ही आहात."

बाईंकडचा व्यायाम आता संपला. त्यांनी शिपायाच्या हातून निरोप पाठवला की तुम्हाला आता माझी गरज नाही, सगळं जमतं. कौतुक तोंडावर करायला काय झालं होतं कुणास ठाऊक.

१० एप्रिल, बुधवार

आली. दोघी आल्या, आणि लांब्याही. त्याची खोली सुटली, कमावणारा तोच होता, तिघांनी जायचं कुठे? मी टेम्पो घेऊन गेलो आणि सामान स्वतः चढवलं. लांब्याला पाठीवर घेऊन तीन मजले चढलो. कंबर दुखली नाही, धापही लागली नाही. त्यानं पूर्ण वेळ तोंड दुसरीकडे केलं होतं.

घर पुन्हा भरलं. स्वयंपाकघरात भांडी वाजतात. चिमी मामाच्या खाटेला चिकटून बसते, अभ्यास तिथेच, जेवण तिथेच. बायको कमी बोलते, पण भांडत अजिबात नाही. मी म्हटलं होतं ना, मूळ सिगरेट होतं. इतका सुखी मी बऱ्याच दिवसांत नव्हतो. सिगरेट सोडायला मनगटात जोर लागतो, तो कुणी माझ्याकडून शिकावा.

१३ एप्रिल, शनिवार

कामावर जायच्या आधी लिहितोय, कारण डोकं फिरलं आहे.

सकाळी चहाच्या कपाशेजारी सिगरेटचं पाकीट आणि काडेपेटी. नवं पाकीट, माझाच जुना छाप. आधी वाटलं लांब्याचं, पण तो ओढत नाही. मी बायकोला विचारलं, "हे काय?"

"मी आणलं. ओढत जा."

मला वाटलं माझी परीक्षा बघते आहे. मी हसून म्हटलं, "वेडी का? तुझ्यासाठी सोडली मी. अंग बघ माझं, रबर झालंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. ओट्याकडे तोंड करून कप धूत होती. "पण ओढत होतात तेव्हा तुम्ही खालच्या वळणावर थांबायचात. दम लागायचा, मग एक ओढून वर यायचात. वास आधी यायचा. वास आला की मी चिमीला न्हाणीत बसवून बाहेरून कडी लावायची. सुरी, कात्री उचलून ठेवायची. मग दार उघडायची. तेवढा वेळ मिळायचा मला."

तिनं धुतलेला कप पालथा घातला.

"आता कळतच नाही हो. तुम्ही एकदम दारात असता."

लांब्या खाटेवर उठून बसला होता. चिमी त्याच्या मागे. तिघंही माझ्या हातांकडे बघत होते.

एवढे दिवस दात आवळून काढले, अंगाची काडी न काडी मोडून सरळ केली, आणि घरात त्याची किंमत ही. बायकांच्या डोक्यात काय चालतं ते त्यांच्या देवालाच ठाऊक. मी पाकीट चुरगाळून खिडकीबाहेर फेकलं. ओढणार नाही. आता मी तिन्ही मजले एका दमात चढतो, पावलाचासुद्धा आवाज होत नाही, याचा तिला अभिमान वाटायला हवा.

आत्ता उशीर झाला आहे. संध्याकाळी आलो की तिला नीट समजावून सांगेन.